काय काढलं, काय राखलं

सोमवार, ६ जानेवारी २०२५, मिरज

उद्याच्या ओटीच्या यादीवर थायरॉईडच्या दोन शस्त्रक्रिया आहेत आणि शनिवारी पॅराथायरॉईडची एक. तिघीही आमच्याच वॉर्डात, ओळीनं शेजारच्या खाटांवर. गळ्यातल्या या ग्रंथींचे आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरेच जास्त, त्यामुळे महिला शल्यविभागात अशी एखादी खाट भरलेली असतेच.

पहिल्या खाटेवर लक्ष्मी मार्केटात भाजी विकणाऱ्या मावशी आहेत. वय साठीला टेकलेलं. गलगंड वर्षानुवर्षं वाढत राहिला, दोन्ही बाजूंना गाठी झाल्या आणि खालचा भाग छातीच्या हाडामागे उतरला. उताणं झोपलं की श्वास कोंडतो, म्हणून रात्र उशीला टेकून बसल्या बसल्या काढायची. राउंडला सरांनी विद्यार्थ्यांना एक खूण दाखवली. मावशींना दोन्ही हात वर करून कानांना टेकवून धरायला सांगितले. मिनिटभरातच चेहरा लालनिळा झाला, गळ्याच्या शिरा तटतटल्या. हात वर गेले की छातीचं वरचं तोंड अरुंद होतं आणि आत उतरलेला गलगंड तिथल्या शिरा दाबून धरतो. सरांनी लगेच हात खाली घ्यायला लावले.

मावशींना भीती जिवाची नाही. "सिस्टर, आवाज ऱ्हाईल न्हवं माझा?" एवढंच विचारतात. दिवसभर ओरडून माल विकायचा, आवाज गेला तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडं वळणार. मी केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून ठेवलं, 'आवाजावर पोट'. सर आणि भूल देणाऱ्या मॅडम, दोघांच्याही नजरेस ते पडायला हवं. दुपारी कान-नाक-घसा विभागात नेऊन दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून आणले. दोन्ही नीट हलतात. आधीची नोंद हातात असली की नंतर काही बिघडलं तर ते कधी बिघडलं हे कळतं.

दुसऱ्या खाटेवर पंचविशीतली नवी सून. गळ्यातली गाठ सासूबाईंनी मंगळसूत्र नीट करताना पाहिली. सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर निघाला. थायरॉईडच्या कॅन्सरांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा आणि बहुतेकदा बरा होणारा. हे तिला सांगितलंय, पण 'कॅन्सर' हा शब्द एकदा कानावर पडला की पुढचं वाक्य ऐकू येत नाही. मी संध्याकाळी पुन्हा सांगितलं, उद्या सकाळी पुन्हा सांगेन.

तिसरी बाई अथणीकडची. तिच्याबद्दल शनिवारी.

मंगळवार, ७ जानेवारी

दोघींच्या शस्त्रक्रिया पार पडल्या. मावशींचा गलगंड मानेच्या चिऱ्यातूनच वर ओढून काढता आला, छातीचं हाड कापावं लागलं नाही. सुनेची पूर्ण ग्रंथी आणि श्वासनलिकेपुढच्या लसिकाग्रंथी काढल्या.

सकाळी नर्सिंगच्या मुलींना तासाला थिओडोर कोखरची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगते, कारण आमच्या वॉर्डातल्या अर्ध्या सवयी तिच्यातून आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गलगंडाला सुरी लावणं म्हणजे रोग्याला रक्तस्रावानं किंवा जखम पिकून मरू देणं, अशीच स्थिती होती. मोठमोठे सर्जन हात लावायला धजत नसत. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात अन्नपाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे घरोघरी गलगंड. बर्नमध्ये कोखरनं निर्जंतुक हातांनी, एकेक रक्तवाहिनी बांधत, अतिशय सावकाश शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण शेवटी शंभरात एकाहूनही खाली आणलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १८७४ साली त्यानं ११ वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली. जखम सुरेख भरली, मुलगी घरी गेली. काही वर्षांनी तिच्या गावाकडच्या डॉक्टरानं कळवलं की मुलगी बदलली आहे. कोखरनं तिला बोलावून घेतलं. धाकटी बहीण वाढून तरुण झाली होती आणि ही मात्र खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची, मंद झालेली. मग त्यानं जुन्या रोग्यांना पत्रं धाडून परत तपासलं. पूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण पाहायला मिळाले, त्यांतल्या १६ जणांची तीच गत. १८८३ साली त्यानं हे सगळं सर्जनांच्या सभेत उघडपणे मांडलं आणि यापुढे साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. जिनिव्हाच्या रेव्हर्दँनंही त्याच सुमारास असंच पाहिलं होतं. ही ग्रंथी शरीरात काय काम करते, हे जगाला त्या निरीक्षणांतून समजू लागलं. १९०९ साली कोखरला नोबेल मिळालं. सर्जनला मिळालेलं ते पहिलं नोबेल.

मुलींना मी म्हटलं, टाके सुकले म्हणून केस संपली असं त्यानं मानलं नाही, म्हणून हे कळलं. रोगी घरी गेल्यावर कसा आहे, हे विचारणाऱ्यानं वैद्यकशास्त्र पुढे नेलं. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेनं ग्रंथी निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. आज तेच काम थायरॉक्सिनची छोटीशी गोळी करते, आणि म्हणूनच पूर्ण ग्रंथी काढणं आता शक्य झालंय.

आता रात्रपाळी. दोघींच्या उशाशी ट्रे झाकून ठेवलाय. त्यात टाके कापायची कात्री, आर्टरी फोरसेप, निर्जंतुक गॉज. मानेत आत रक्तस्राव झाला तर जागा अपुरी असते. रक्त साठतं, शिरा दबतात, स्वरयंत्राला आतून सूज येते आणि बघता बघता श्वास बंद. अशा वेळी ओटी तयार होण्याची वाट पाहत बसायचं नसतं. हाका मारायच्या, ऑक्सिजन लावायचा आणि खाटेवरच टाके उघडून रक्ताला वाट करून द्यायची. सगळ्यात जोखमीचे पहिले सहा तास, आणि चोवीस तासांपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं. मुलींना मी एक गोष्ट हातानं करायला लावते. नुसती पुढची पट्टी बघून भागत नाही, हात मानेखाली घालून पाहायचा. उताण्या रोग्याचं रक्त पुढे दिसायच्या आधी मागे ओघळतं, पट्टी कोरडी आणि उशी ओली असू शकते. मान आवळल्यासारखी वाटते का, हे विचारायचं. रोगी उगाच चुळबुळ करू लागला तर त्याला झोपेचं औषध मागायचं नाही, आधी मान पाहायची.

ड्रेन आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हेही सांगितलं. नळी गुठळीनं बंद होते आणि बाटली रिकामीच दिसते.

बुधवार, ८ जानेवारी

रात्र बिनघोर गेली. पहाटे मावशींना घोटभर पाणी दिलं. ठसका लागला नाही. "बोला," म्हटलं. हळूच म्हणाल्या, "कोथिंबीर पंधराला जुडी." आवाज घोगरा, पण आहे. घशात नळी घातलेल्या कुणाचाही दोन दिवस असाच असतो.

स्वरतंतू हलवणाऱ्या नसेचा मार्ग विचित्र आहे. मेंदूतून निघालेल्या मोठ्या नसेची ही फांदी डाव्या बाजूला थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेनं परत वर चढते. उजवीकडची खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. गर्भात हृदय मानेजवळ असतं. ते खाली सरकतं आणि नसेला आपल्याबरोबर ओढून नेतं. दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची ही पांढरी नस थायरॉईडच्या पाठीला अगदी लगटून वर जाते. एका बाजूची दुखावली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर तंतू मध्ये येऊन श्वासाची वाटच बंद होऊ शकते. सर नेहमी म्हणतात, नस टाळू नका, शोधा. दिसली की वाचवता येते. आता नळीवरच्या इलेक्ट्रोडनी नस जागी आहे का ते ऐकणारं यंत्रही आलंय, पण ते डोळ्यांच्या जोडीला. डोळ्यांचं काम ते करत नाही.

मावशींच्या बाबतीत मला दुसऱ्या नसेची काळजी आहे. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाणारी बारीक नस. ती स्वरतंतूंना ताण देते. ती दुखावली तर साधं बोलणं ठीक चालतं, पण चढा सूर आणि लांबवर टाकलेली हाक जाते. आमेलिता गाल्ली-कुर्ची या प्रसिद्ध ऑपेरा गायिकेची १९३५ साली शिकागोत गलगंडाची शस्त्रक्रिया झाली. तिचा आवाज या नसेपायीच गेला, असं सर्जनांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं. पुढे अभ्यासकांनी त्या कथेवर शंका घेतली, आवाज आधीच उतरणीला लागला होता असं दाखवलं. कथा खरी असो वा नसो, तिच्यामुळे सर्जन वरच्या टोकाशी जपून हात चालवू लागले. मिरजेत तर प्रत्येक दुसऱ्या गल्लीत तंबोरा जुळवणारं कुणीतरी भेटतं, आवाजाचं मोल इथं समजावून सांगावं लागत नाही. तरी माझ्या मते भाजीवालीची आरोळी गायिकेच्या तानेइतकीच मोलाची आहे. तिच्यासाठीही तेवढाच वेळ ओटीत द्यायला हवा. काल सरांनी तो दिला.

गुरुवार, ९ जानेवारी

पहाटे नव्या सुनेनं बेल दाबली. "सिस्टर, ओठांभोवती मुंग्या आल्यासारखं होतंय. बोटांची टोकं बधिर झालीत." चेहरा घाबरलेला. शेजारी बसलेल्या तिच्या आईला वाटलं, रात्रभर एका कुशीवर झोपल्यामुळे हात अवघडला असेल.

मी बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच धरून ठेवला. मिनिट-दीड मिनिटात तिचं मनगट आपोआप वाकलं, अंगठा तळव्याकडे वळला, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटली. तिनं उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात. ही ट्रूसोची खूण, रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची. पट्टा सोडला तसा हात सैल झाला. रक्त तपासायला पाठवलं, मॉनिटर लावला, डॉक्टरांच्या सूचनेनुसार कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिनिटांत अगदी हळू दिलं. बारीक शिरेतून हे कधीही घाईनं देत नाही. औषध शिरेबाहेर पाझरलं तर कातडी जळते आणि वेगानं गेलं तर हृदयाची लय बिघडते. अर्ध्या तासात मुंग्या थांबल्या. अहवालात कॅल्शियम ७.१ आलं. ८.५ ते १०.५ असायला हवं.

याचं कारण थायरॉईडच्या मागे असलेल्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन ३०-४० मिलिग्रॅम, रंग चरबीपेक्षा किंचित तांबूस-पिवळा. आजूबाजूच्या चरबीतून आणि लसिकाग्रंथींतून त्या ओळखायला तयार नजर लागते. त्यांचा रक्तपुरवठाही थायरॉईडच्याच वाहिन्यांतून येतो, त्यामुळे जागेवर ठेवल्या तरी काही दिवस त्या मलूल पडतात. सुनेच्या शस्त्रक्रियेत एक ग्रंथी काळवंडली होती. सरांनी ती काढून बारीक तुकडे केले आणि मानेच्या स्नायूत खोचले. काही आठवड्यांत ते तुकडे तिथे रुजून काम करू लागतात. बाकीच्याही सावरतील. बहुतेकींचं कॅल्शियम काही आठवड्यांत पूर्ववत होतं, थोड्यांना मात्र जन्मभर गोळ्या लागतात.

दुपारी मुलींनी विचारलं, या एवढ्याशा ग्रंथी कुणाला सापडल्या? पहिली नोंद भारतीय गेंड्यात झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला आपल्याकडचा एकशिंगी गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेननं त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळी ग्रंथी टिपून ठेवली. माणसात त्या शोधल्या स्वीडनच्या उप्सालातल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं. आधी कुत्र्यात दिसल्या, मग त्यानं पन्नास मृतदेह तपासले आणि १८८० साली निबंध छापला. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्याच काळात व्हिएन्नात बिलरोथच्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर झटके येत होते आणि बर्नमध्ये कोखरच्या रोग्यांना सूज आणि मंदपणा. अमेरिकेच्या हॉलस्टेडनं दोघांचे हात चालताना पाहिले होते. त्यानं पुढे याचा उलगडा केला. बिलरोथ वेगानं काम करी, थायरॉईडचे तुकडे मागे राहत पण पॅराथायरॉईड निघून जात. कोखर इतका नेटका की थायरॉईड कणभरही उरत नसे आणि पॅराथायरॉईड मात्र वाचत. एकाच शस्त्रक्रियेचे दोन आजार, मागे काय उरलं यावर ठरलेले.

हेच मला मुलींच्या मनावर ठसवायचं आहे. काढलेली गाठ ट्रेमध्ये सगळ्यांना दिसते. या शस्त्रक्रियेचा कस लागतो तो आत शाबूत राहिलेल्या गोष्टींवर, आणि त्यांची विचारपूस खाटेशी उभं राहून आपल्यालाच करायची असते.

शनिवार, ११ जानेवारी

आज अथणीकडच्या बाईची पाळी. वय जेमतेम पंचेचाळीस, चालते मात्र काठी टेकत. मूत्रखडे दोनदा काढून झाले. मग साधं घसरायचं निमित्त होऊन मांडीचं हाड मोडलं. सळई घातली, हाड जुळायला फार काळ गेला. सोबतीला भूक नाही, बद्धकोष्ठता, उदासी, रात्रीतून चार वेळा लघवीला उठणं. कुणी वाताचं औषध दिलं, कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं मनाला लावून घेतलंय. इतक्या वर्षांत रक्तातलं कॅल्शियम कुणीच पाहिलं नव्हतं. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी जुन्या एक्स-रेत बोटांच्या हाडांच्या कडा झिजलेल्या पाहिल्या आणि तपासणी लिहिली. कॅल्शियम १३. पॅराथायरॉईडचं हार्मोन वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट.

पॅराथायरॉईडच्या एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की ती लागेल तेवढं हार्मोन सोडून थांबत नाही. हाडातलं कॅल्शियम रक्तात ओतत राहते. हाडं पोकळ होतात, जादा कॅल्शियम मूत्रपिंडात खडे धरतं, आतडी मंदावतात, मन खचतं. ज्या देशांत रक्ताच्या नेहमीच्या चाचण्यांत कॅल्शियम असतंच, तिथे हा आजार काही लक्षण दिसण्याआधी कळतो. आपल्याकडे अजून अशी हाडं मोडलेली बाई काठी टेकत येते.

पहिली अशी शस्त्रक्रिया व्हिएन्नात १९२५ साली फेलिक्स मांडलनं ट्राममध्ये काम करणाऱ्या एका माणसावर केली. आधी वाटलं होतं ग्रंथी कमी पडतेय, म्हणून बाहेरून पॅराथायरॉईड बसवून पाहिली. गुण आला नाही. मग मान उघडली, गाठ मिळाली, ती काढली आणि हाडांच्या वेदना थांबल्या. पण गाठ नेहमी जागेवर सापडते असं नाही. खालच्या दोन ग्रंथी गर्भात छातीतल्या थायमसबरोबर खाली उतरतात, कधी उतरत उतरत छातीतच राहतात. अमेरिकन जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची मान पुन्हा पुन्हा उघडली गेली. उंची कित्येक इंचांनी घटली, हाडं वाकली. शेवटी १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत बॉस्टनला गाठ छातीत सापडली. पण मूत्रपिंडं खड्यांनी पार खराब झाली होती. थोड्याच आठवड्यांत खड्याच्याच त्रासानं ते गेले. उशिराची किंमत किती असते, ते या एका नावात आहे.

आमच्या बाईची गाठ सोनोग्राफीत आणि सेस्टामिबी स्कॅनमध्ये एकाच जागी दिसली होती, डावीकडे खाली. तासाभरात निघाली. या हार्मोनचं रक्तातलं आयुष्य काही मिनिटांचंच, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त पाठवतात. पातळी निम्म्याहून खाली आली की मान बंद करायला हरकत नाही. आली.

रविवार, १२ जानेवारी

मावशी आज घरी गेल्या. जाताना मुलानं विचारलं, "आता सैंधव सुरू करतो. आयोडीनचं मीठ रोगाचं मूळ असं मोबाईलवर वाचलं."

त्याला बसवून सांगितलं. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंडानं गावंच्या गावं ग्रासलेली होती. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचं मीठ पुरवलं आणि तिथे गलगंड कमी होत गेला. त्यावरूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्याच्या मिठात आयोडीन असणं २००६पासून देशभर पुन्हा सक्तीचं आहे. प्रश्न नुसत्या गळ्याच्या गाठीचा नाही. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर बाळाचा मेंदू कायमचा कोता राहतो. मावशींची ग्रंथी आता नाही, त्यांना गोळी पुरे. पण घरात सून आहे, नात आहे. त्यांच्यासाठी साधं आयोडीनचं मीठच आणायचं, झाकणाच्या डब्यात ठेवायचं. आयोडीन पुरेसं मिळूनही काहींना गलगंड होतो. त्याची आनुवंशिकतेसारखी इतर कारणं आहेत. म्हणून मीठ टाकून द्यायचं कारण नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

वॉर्डात तिळगूळ वाटला. अथणीच्या बाईच्या हातात वडी ठेवली तर तिच्या लेकीनं विचारलं, "तिळात कॅल्शियम असतं ना? मग हे सलाईन बंद करायचं का?" शाळेत चांगलं शिकवलंय पोरीला. तीळ खावेत, दूध प्यावं, पण आत्ता त्यानं भागणार नाही.

वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम खेचून घेताहेत. डॉक्टर याला 'हंग्री बोन' म्हणतात. १३ असलेलं कॅल्शियम काल ६.९ वर आलं. सलाईनमधून कॅल्शियम, तोंडानं गोळ्या, कृतिशील ड जीवनसत्त्व, दर सहा तासांनी रक्त. हे आणखी कित्येक दिवस चालेल. नातेवाइकांना हे आधी सांगितलं नाही तर त्यांना वाटतं, शस्त्रक्रिया फसली. मी त्यांना म्हटलं, हाडं भरू लागल्याचंच हे लक्षण आहे. बाई स्वतः म्हणते, पोटातली मळमळ गेली, कितीतरी महिन्यांनी भूक लागली.

नवी सून आज घरी. गोळ्यांचं वेळापत्रक तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. थायरॉक्सिनची गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन शोषलंच जात नाही. दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना गाठायचं, डोस वाढवावा लागतो. ओठांभोवती मुंग्या आल्या तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

सुनेचा पॅथॉलॉजीचा अहवाल आला. पॅपिलरीच, दोन लसिकाग्रंथींत पसरलेला. तिला रेडिओआयोडिन द्यायचं ठरतंय. थायरॉईडची पेशी, कॅन्सरची असली तरी, आयोडीन ओढून घेते. त्या आयोडीनलाच किरणोत्सारी केलं की ते नेमकं तिथे जाऊन काम करतं. मुंबईला परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून हे उपचार करत आलंय. काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागेल, त्यानंतर ठरावीक काळ गर्भधारणा टाळावी लागेल. नवराही बरोबर होता, त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं.

याच ओपीडीत एक शिक्षिका आल्या. कुठलंसं पूर्ण शरीराच्या तपासणीचं पॅकेज घेतलं, सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये सहा मिलिमीटरची गाठ दिसली आणि झोप उडाली. "लगेच काढून टाका," म्हणाल्या. सरांनी त्यांना पुरता अर्धा तास दिला. गाठी फार जणांच्या थायरॉईडमध्ये असतात, बहुतेक निरुपद्रवी. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं, पण त्यानं होणारे मृत्यू तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या ग्रंथी विनाकारण निघाल्या. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयानं १९९३पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे कमी जोखमीचे कॅन्सर न काढता नुसते नजरेखाली ठेवले आणि बहुतेक वाढले नाहीत. शिक्षिकाबाईंना पुढच्या सोनोग्राफीची तारीख देऊन घरी पाठवलं. न काढणं हाही उपचारच आहे, फक्त त्यात पाठपुरावा सुटता कामा नये.

शुक्रवार, २४ जानेवारी

मावशी टाके दाखवायला आल्या. रात्री आडव्या झोपतात. स्वरतंतू दोन्ही हलतात. पण खरं विचारल्यावर म्हणाल्या, "सकाळी वरडाय येतं. दुपारनंतर आवाज पडतोय." कान-नाक-घशाच्या मॅडमनी आवाजाचे व्यायाम दिले, पुढची तारीख दिली. वरच्या नसेला ओढ बसली असेल तर ती काही महिन्यांत सावरू शकते. त्यांना हे न विचारता पाठवलं असतं तर कागदावर लिहिलं गेलं असतं, 'रुग्ण बरा'.

म्हणून आज मेट्रनबाईंना लेखी प्रस्ताव दिला. गळ्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने छापून घ्यावेत. आवाज कसा आहे आणि स्वरतंतू कधी तपासले, कॅल्शियम किती आणि पुढची तपासणी कधी, गोळी कोणती आणि कोणत्या वेळी. ते भरल्याशिवाय रोगी दारातून बाहेर जाऊ नये. हाडांच्या आणि मूत्रविकारांच्या वॉर्डांनाही पत्र लिहिलं. पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या किंवा साध्या घसरण्यानं हाड मोडलेल्या प्रत्येकाचं कॅल्शियम एकदा तरी तपासा. चाचणी फार खर्चाची नाही. अथणीच्या बाईला ती वेळेवर लिहून देणारं कुणी भेटलं असतं, तर तिच्या मांडीत आज सळई नसती.

सोमवारपासून मी स्वतः त्या वॉर्डांत जाऊन सिस्टरांना सांगणार आहे. पत्र फायलीत जातं, तोंडानं सांगितलेलं राउंडला आठवतं.